स्कीला मेण किती वेळा लावावे आणि तिचा तळ कसा राखावा

स्कीला मेण किती दिवसांनी लावावे असे विचारले, की ‘चार-पाच दिवस वापरली की लावावे’ असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. ताज्या, मऊ, नैसर्गिक बर्फावर पाच दिवस चाललेली स्की आणि यंत्राने पाडलेल्या टणक बर्फावर दोनच दिवस चाललेली स्की शेजारीशेजारी उलट्या ठेवून पाहिल्या, तर पुष्कळदा दुसरीचाच तळ अधिक कोरडा पडलेला दिसतो. दिवसांचा हिशेब हा अंदाज असतो. खरा निर्णय तळाकडे पाहून घ्यायचा असतो. हे पाहणे कसे शिकावे, मेण नेमके कसे लावावे आणि मेणाने भागणार नाही अशी इजा तळाला झाली तर काय करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. मुख्य विवेचन डोंगरउतारावरील स्कीबद्दल आहे. सपाटीवर लांब पल्ल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्कीचे वेगळे नियम शेवटाकडे येतील.

तळ कशाचा असतो आणि मेण त्यात काय करते

आजच्या जवळपास सर्व स्कींचा तळ अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनचा असतो. तो दोन पद्धतींनी बनवतात. एका पद्धतीत प्लास्टिक वितळवून फटीतून पट्टीच्या रूपात बाहेर काढतात; त्याला एक्स्ट्रुडेड तळ म्हणतात. दुसरीत प्लास्टिकची भुकटी उष्णता आणि दाब देऊन ठोकळ्यासारखी घट्ट बांधतात आणि त्या ठोकळ्यावरून पातळ पट्टी सोलून घेतात. हा सिंटर्ड तळ. एक्स्ट्रुडेड तळ स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा असतो, मेण थोडेच धरतो आणि थोड्या मेणावरही बऱ्यापैकी चालतो. सिंटर्ड तळ झिजेला अधिक टिकतो आणि मेणही अधिक धरतो, परंतु त्यासाठी मोजलेली जास्तीची किंमत नियमित मेण लावले तरच वसूल होते. आपल्या स्कीचा तळ कोणता, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून ठेवावे, कारण पुढचे सगळे वेळापत्रक त्यावर अवलंबून आहे.

‘गरम केले की तळाची छिद्रे उघडतात आणि मेण आत जाते’ असे सर्रास सांगितले जाते. स्पंजाला असतात तशी छिद्रे तळाला नसतात. पॉलिएथिलीनमध्ये काही भागांत रेणू घट्ट, स्फटिकासारखे रचलेले असतात आणि त्यांच्या मधल्या भागांत ते सैल व विस्कळीत असतात; उष्णता मिळाली की वितळलेल्या मेणाचे छोटे रेणू या सैल भागांत शिरतात आणि तळ निवला की तिथेच राहतात. आत जाणारे मेण अगदी थोडे असते. ही एक गोष्ट मनात ठेवली, तर पुढची सारी कृती आपोआप उलगडते: मेण मुरायला उष्णता आणि वेळ लागतो, आणि वर उरलेला थर निरुपयोगी असल्यामुळे तो पुरता काढून टाकावा लागतो.

बर्फावर स्की का घसरते, याचा पाया घालणारे प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ बाउडेन आणि ह्यूज यांनी केले. त्यासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथील उंचावरच्या केंद्रातही काम केले. १९३९ साली त्यांनी मांडले की घर्षणाच्या उष्णतेने स्कीखाली पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि घसरण त्यावर होते. फार थंडीत हा पापुद्रा पुरेसा बनत नाही, हिमस्फटिकांची टोके टणक आणि धारदार राहतात आणि ती तळाला ओरखडतात. म्हणून थंडीत कठीण मेण लागते. ऊन पडून बर्फ ओला झाला की अडचण उलटी होते. पाणी जास्त होऊन ते तळाला शोषून धरल्यासारखे ओढू लागते, आणि अशा वेळी पाणी झटकणारे मऊ मेण उपयोगी पडते.

मेणाची गरज मुळात किती, यावर मतभेदही आहेत. स्वीडनमधील संशोधक लिओनिद कुझ्मिन यांनी असा मुद्दा मांडला, की नुकताच पोलादी पात्याने खरवडलेला कोरा तळही चांगला घसरतो आणि मेणामुळे तळाला घाण अधिक चिकटते. नेहमीच्या वापरात तळ ताजा खरवडलेला राहत नाही, त्यामुळे सामान्य स्कीयरने मेण सोडून द्यावे असे मला वाटत नाही. घाणीचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो, आणि म्हणूनच या लेखात मेण लावण्याइतकेच लक्ष मेण काढण्याकडे आणि तळ स्वच्छ ठेवण्याकडे दिले आहे.

किती वेळा: अंदाज आणि खुणा

सिंटर्ड तळाला ३ ते ५ दिवसांच्या वापरानंतर आणि एक्स्ट्रुडेड तळाला ६ ते ८ दिवसांनंतर गरम मेण द्यावे, हा आरंभासाठी चांगला अंदाज आहे. दिवस म्हणजे लिफ्ट सुरू होण्यापासून बंद होण्यापर्यंतचा भरगच्च दिवस. दोन तास घसरून परतणाऱ्याचा दिवस अर्धाच धरावा. बर्फ कृत्रिम असेल तर हे आकडे निम्मे करावेत, कारण यंत्रातून निघणारे कण गोल आणि घट्ट असतात आणि ते दाबून बसवलेल्या उतारावर मेण फार लवकर निघते. हंगामाच्या शेवटी ओल्या बर्फात धूळ, झाडांचा चीक आणि यंत्रांच्या तेलाचे अंश मिसळलेले असतात. तेव्हा झीज कमी असली तरी तळ मळतो, आणि मेण लावण्याचे कारण तिथे सफाई हेच असते. स्पर्धक शर्यतीच्या प्रत्येक दिवसासाठी नव्याने मेण लावतात, पण ती गरज इतरांची नाही.

आता खुणा. स्की उलटी करून खिडकीजवळ किंवा दिव्याखाली अशी धरावी की प्रकाश तळावर तिरपा पडेल. मेण असलेला काळा तळ गर्द आणि किंचित ओलसर झाक असलेला दिसतो. कोरडा पडू लागला की प्रथम पोलादी कडांच्या लगत, विशेषतः बुटाखालच्या भागात, पांढुरकी-करडी छटा उमटते, कारण वळताना सर्वाधिक दाब तिथेच येतो. ही छटा बोटभर रुंदीची होण्याआधी मेण लावावे. पुष्कळ जण तिला ‘तळ ऑक्सिडाइझ झाला’ असे म्हणतात, पण पॉलिएथिलीन हवेने इतक्या लवकर बिघडत नाही. तो रंग मुख्यतः बर्फाने घासून उभ्या राहिलेल्या सूक्ष्म तंतूंचा असतो. म्हणून त्यावर नुसते मेण ओतून भागत नाही, ब्रशने आणि स्क्रेपरने (खरवडण्याच्या पट्टीने) ते तंतू आधी काढावे लागतात. तळावर पाणी शिंपडून थेंब गोळा होतात का हे पाहण्याची परीक्षाही काही जण सुचवतात. ती भरवशाची नाही, कारण कोरडे पॉलिएथिलीनही पाणी झटकतेच.

दुसरी खूण पायांना कळते. सपाट जागी पूर्वी जिथपर्यंत विनासायास पोहोचत होतो तिथे आता काठ्यांनी ढकलावे लागते, किंवा सावलीतून उन्हात जाताना स्की अचानक अडखळते. पांढरी छटा दिसत नसली, तरी असे होऊ लागल्यावर थांबू नये.

नवीन स्कीबद्दल एक गैरसमज आहे. कारखान्यातून येताना तिला मेण लागलेले असते हे खरे, पण ते बहुधा वरवरचे असते. पहिल्या वापराआधी तीन-चार वेळा मऊ मेण मुरवून खरवडले, तर पुढे प्रत्येक वेळचे मेण अधिक टिकते.

मेणाची निवड

घरगुती वापरासाठी सर्व तापमानांचे एक मेण आणि कडक थंडीचे एक कठीण मेण एवढे पुरते. पाकिटावरचे तापमान हवेचे आहे की बर्फाचे, हे वाचून घ्यावे. उन्हात हवा शून्याच्या वर गेली तरी बर्फाचे तापमान शून्याच्या वर जाऊ शकत नाही. दोन मेणांत निवड अवघड वाटली तर अधिक थंडीचे निवडावे, कारण कठीण मेण उबेत थोडे मंद चालते, पण मऊ मेण थंड बर्फावर काही फेऱ्यांतच निघून जाते.

फ्लोरिनयुक्त मेणे वापरू नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. ती ओल्या बर्फात फार वेगवान होती, परंतु त्यांतील संयुगे निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, पाण्यात आणि प्राण्यांच्या शरीरात साठतात, आणि इस्त्रीखाली त्यांचा धूर लावणाऱ्याच्या फुप्फुसांत जातो. युरोपीय संघाने त्यांपैकी पीएफओए या संयुगावर जुलै २०२० पासून निर्बंध लागू केले आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत फ्लोरिनयुक्त मेणांवर पूर्ण बंदी अंमलात आणली. जुन्या डब्यात अशी मेणे उरली असतील, तर ती ‘संपवण्यासाठी’ वापरू नयेत. घातक कचऱ्यात द्यावीत.

पूर्वतयारी आणि सफाई

काम हवेशीर खोलीत करावे. स्की दोन आधारांवर किंवा शिकंज्यात तळ वर करून पक्की बसवावी आणि बाइंडिंगचे (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे) ब्रेक जाड रबरी पट्ट्याने मागे ओढून धरावेत, नाहीतर इस्त्री आणि स्क्रेपर दोन्ही त्यांत अडकतात. स्की बाहेरून आणली असेल तर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंड तळावर बाष्प जमते आणि ओल्या तळावर मेण बसत नाही.

कडांचे काम मेणाच्या आधी करावे. दगडावर घासून कडेला आलेल्या टणक कणी ओल्या डायमंड स्टोनने उतरवाव्यात, गंज रबरी दगडाने काढावा, आणि धातूचा चुरा कापडाने पूर्ण पुसावा. मेण लावल्यानंतर कडा घासल्या तर तोच चुरा ताज्या मेणात रुततो.

यानंतर पितळी ब्रश पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे दहा-पंधरा वेळा ओढावा. ब्रश, इस्त्री, स्क्रेपर ही सर्व साधने याच एका दिशेने चालवायची असतात, म्हणजे तळावरचे तंतू घसरण्याच्या दिशेने बसतात. तळ मळलेला असेल तर सर्वांत चांगली सफाई मेणानेच होते: मऊ मेण इस्त्रीने लावावे आणि ते निवण्याआधी, अजून ओलसर असतानाच, खरवडून काढावे. निघालेले मेण करडे किंवा तपकिरी असेल तर हीच कृती पुन्हा करावी आणि मेण स्वच्छ निघेपर्यंत करत राहावी. रासायनिक द्रावक केवळ चिकट चीक किंवा तेल काढायला वापरावा, कारण तो घाणीबरोबर मुरलेले मेणही ओढून नेतो. तो वापरलाच तर पूर्ण उडून गेल्याशिवाय गरम इस्त्री जवळ आणू नये.

इस्त्री

कपड्यांची इस्त्री वापरू नये. तिचे तापमान वर-खाली होत राहते आणि वाफेच्या छिद्रांत मेण साचते. स्कीच्या इस्त्रीचा तवा जाड असतो आणि त्यामुळे तापमान स्थिर राहते. मऊ मेणांना साधारण ११० ते १२० अंश सेल्सियस, सर्वसाधारण मेणांना १२० ते १३० आणि थंडीच्या कठीण मेणांना १४० ते १५० अंश लागतात. नेमका आकडा पाकिटावर असतो. मेणातून धूर निघाला तर तापमान जास्त झाले असे समजून लगेच कमी करावे.

इस्त्री टोक खाली करून तळावर धरावी, मेणाची वडी तिच्या तव्याला टेकवावी आणि वितळलेले थेंब दोन्ही कडांच्या बाजूने दोन ओळींत पाडत जावे. मग इस्त्री टेकवून एका संथ, अखंड गतीने पुढच्या टोकाकडून मागे न्यावी. गती बरोबर आहे का, हे इस्त्रीमागे उमटणाऱ्या ओल्या, चकाकणाऱ्या पट्ट्यावरून कळते: तो पाच ते आठ सेंटिमीटर लांब असावा आणि काही सेकंदांत थिजावा. पट्टा लगेच थिजत असेल तर गती जास्त आहे. अर्ध्या स्कीवर मेण ओलेच राहत असेल तर तळ जास्त तापतो आहे. दोन-तीन फेऱ्या पुरतात. खालून हात लावला तर स्कीचा वरचा पृष्ठभाग फार तर कोमट लागावा.

इथे दोन चुका महागात पडतात. इस्त्री एका जागी थांबवणे ही पहिली आणि कोरड्या जागेवरून ती फिरवणे ही दुसरी. पॉलिएथिलीन साधारण १३० ते १३५ अंशांना वितळते, म्हणजे कठीण मेणासाठी तापवलेली इस्त्री तळाच्या वितळणबिंदूच्या वर असते. तळ वाचतो तो केवळ मधला मेणाचा थर आणि सततची हालचाल यांमुळे. एकदा जळालेला तळ चकचकीत आणि बंद होतो आणि त्या जागी पुन्हा मेण मुरत नाही. तो भाग दगडी चाकावर घासून काढावा लागतो.

मेण लावल्यावर स्की खोलीतच निवू द्यावी. किमान अर्धा ते एक तास थांबावे. रात्रभर ठेवता आली तर उत्तम. घाईने बाहेर थंडीत ठेवू नये.

खरवडणे आणि ब्रश

माझ्या अनुभवात सर्वाधिक स्की इथे बिघडतात, कारण कष्टाने लावलेले मेण काढून टाकायला मन धजत नाही. पण वर राहिलेला थर बर्फाला चिकटतो आणि वेग कमी करतो, शिवाय तळावरची बारीक खाचांची नक्षी बुजवून टाकतो, जिच्यामुळे पाण्याचा पापुद्रा तुटून वाहून जातो.

चार-पाच मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिक स्क्रेपर घ्यावा. त्याची धार चौकोनी आणि तीक्ष्ण हवी. बोथट स्क्रेपर मेण काढण्याऐवजी फासतो, म्हणून तो अधूनमधून बारीक कानशीवर घासून घ्यावा. प्रथम कडांच्या उभ्या बाजूंवर ओघळलेले मेण स्क्रेपरच्या कोपऱ्याने काढावे. मग स्क्रेपर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी धरून, चालण्याच्या दिशेने सुमारे ४५ अंश कलता ठेवून, लांब आणि सारख्या दाबाने ओढत न्यावा. मेणाच्या वळ्या निघणे थांबेपर्यंत हे करावे. पोलादी पाते मेणासाठी वापरू नये. ते तळच सोलते. कडक थंडीचे मेण पूर्ण निवल्यावर ठिकऱ्या होऊन उडते, म्हणून त्याचा मोठा थर थोडा उबदार असतानाच उतरवावा आणि उरलेला निवल्यावर.

नंतर ब्रश: प्रथम पितळी किंवा ब्राँझचा, मग घोड्याच्या केसांचा आणि शेवटी नायलॉनचा, प्रत्येक पंधरा-वीस वेळा. पितळी ब्रश खाचांमधले मेण उकरून काढतो, पुढचे दोन तळ गुळगुळीत करतात. पांढरी भुकटी निघणे थांबले आणि नक्षीच्या रेषा स्पष्ट दिसू लागल्या की काम झाले. एकच ब्रश घ्यायचा असेल तर पितळी घ्यावा.

इस्त्रीशिवाय लावायची पेस्ट आणि द्रव मेणे प्रवासात कामाची आहेत, पण ती तळात फारशी मुरत नाहीत. ती एखादा दिवस काढून देतात, गरम मेणाची जागा घेत नाहीत.

ओरखडे आणि खड्डे

केसासारख्या बारीक ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे. नख अडकेल एवढा खोल ओरखडा पीटेक्सच्या, म्हणजे तळासारख्याच पॉलिएथिलीनच्या, कांडीने घरी भरता येतो. प्रथम लोंबणारे प्लास्टिक धारदार सुरीने कापावे, खाच द्रावकाने पुसून पूर्ण सुकू द्यावी, कारण मेण असलेल्या जागी भरण चिकटत नाही, आणि द्रावकाचा डबा व चिंध्या दूर न्याव्यात. मग कांडी पेटवून तिचे पहिले काळे थेंब धातूच्या पट्टीवर पाडावेत, ज्योत लहान आणि निळसर ठेवण्यासाठी कांडी तळापासून काही मिलिमीटरच वर धरावी आणि खाच काठोकाठ न भरता थोडी वर येईल एवढी भरावी. काजळी मिसळलेले भरण ठिसूळ होते. पूर्ण निवल्यावर पोलादी पात्याने ते हळूहळू तळाच्या पातळीला आणावे. थेंब जळते असतात, म्हणून हातमोजे आवश्यक आहेत.

आतला लाकडी गाभा किंवा जाळीदार थर दिसत असेल, खाच पोलादी कडेला लागून असेल किंवा कडच हलत असेल, तर कांडीचे भरण टिकणार नाही. तिथे वितळलेले प्लास्टिक दाबाने बसवणारे यंत्र किंवा तळाचा तुकडा बसवणे हाच उपाय आहे. अशा स्कीवर घसरत राहू नये, कारण त्या भेगेतून पाणी आत जाते आणि थर सुटू लागतात.

तळ सपाट आहे का

सरळ पोलादी पट्टी तळावर आडवी उभी करून तिच्यामागे दिवा धरावा. मधून प्रकाश दिसला तर तळ खोलगट झाला आहे आणि कडा उंच राहिल्या आहेत. अशी स्की वळताना कडा धरून बसते. कडांपाशी प्रकाश दिसला तर तळ फुगीर आहे आणि स्की भरकटते. दोन्हींवर दगडी चाकावर घासणे हा उपाय आहे, आणि त्याच कामात तळावर नवी नक्षीही पडते: थंड कोरड्या बर्फासाठी बारीक, ओल्यासाठी ठळक. मात्र तळाची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपासच असते आणि प्रत्येक घासणीत ती थोडी कमी होते, म्हणून हंगामात एकदा, तेही गरज असेल तरच, एवढे पुरे. घासणीनंतरचा तळ नव्यासारखा कोरडा असतो. त्याला पुन्हा तीन-चार वेळा मेण मुरवावे.

लांब पल्ल्याच्या स्की

क्लासिक पद्धतीच्या, म्हणजे पाय समांतर पुढे-मागे सरकवत चालण्याच्या, स्कीत मधला भाग बर्फावर पाय रोवून पुढे ढकलताना लागणाऱ्या पकडीसाठी असतो. तिथे घसरणीचे मेण, म्हणजे आतापर्यंत सांगितलेले मेण, चुकूनही जाऊ देऊ नये. ते फक्त पुढच्या आणि मागच्या भागांवर लावावे. ज्यांच्या मधल्या भागावर खवल्यांची नक्षी असते, त्यांनाही पुढे-मागे हे मेण लागतेच. स्केटिंग पद्धतीच्या (पाय आळीपाळीने तिरपे बाहेर ढकलत जाण्याच्या) स्कीला मात्र पूर्ण लांबीला मेण लावतात. चढाईच्या स्कीवर कातडी पट्टे (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला लावायचे केसाळ पट्टे) चिकटवायचे असतील, तर खरवडणे आणि ब्रश दुप्पट काळजीने करावे, कारण वर राहिलेले मेण पट्ट्याच्या गोंदात शिरून त्याची पकड घालवते.

रोजची आणि हंगामअखेरची काळजी

दिवस संपला की स्की कोरड्या कापडाने पुसावी, आणि दोन्ही तळ एकमेकांना लागून घासले जाऊ नयेत म्हणून मध्ये पट्टा ठेवावा. गाडीच्या छतावरून नेताना रस्त्यावरच्या मिठाचे पाणी कडांवर उडते. पोहोचल्यावर साध्या पाण्याने धुऊन पुसले नाही, तर एका रात्रीत गंज दिसतो. ओली स्की बंद पिशवीत ठेवू नये.

हंगाम संपल्यावर तळ गरम मेणाने साफ करावा, ओरखडे भरावेत, कडा पुसून कोरड्या कराव्यात आणि मऊ मेणाचा जाड थर कडांवर येईल असा लावून तो न खरवडता तसाच ठेवावा. स्की कोरड्या, सावलीच्या जागी, एकमेकींवर आवळून न बांधता ठेवाव्यात. ओल्या तळघरात किंवा तापणाऱ्या माळ्यावर नको. पुढच्या हंगामात पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी हा थर खरवडावा, ब्रश मारावा आणि दुसऱ्या दिवशीचे तापमान पाहून त्यावर योग्य मेण लावावे.